दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत काम कसं चालतं ते नीट बघायचं असेल तर

गोव्यात दहा-पंधरा-वीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्या बऱ्याच आहेत, पणजीत, पर्वरीला, म्हापशात, फोंड्यात, मडगावला, आणि आपण बरेचसे एकमेकांना ओळखतो, कोणाचा चुलतभाऊ कोणाकडे कामाला असतो, कोण कॉलेजात एका बाकावर होतं. पण तुमच्याकडे कोड रिव्ह्यू (एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून तपासणं) नेमका कसा होतो, रिलीजच्या, म्हणजे नवीन व्हर्जन सोडायच्या, दिवशी कोण काय करतं, रात्री सर्व्हर पडला तर फोन कोणाला जातो असं विचारलं तर दुसऱ्याच्या ऑफिसातलं कोणालाच काही माहीत नसतं. तीच चूक प्रत्येक जण आपापल्या ऑफिसात वेगळी करतो आणि तिची किंमतही वेगळी मोजतो, मला हे मनापासून वाईट वाटतं. आम्ही चार कंपन्या गेली तीन वर्षं महिन्या-दीड महिन्यातून एकदा एकमेकांकडे जाऊन बसतोय, त्यात जे जमलं आणि जे फसलं ते इथे लिहितो, म्हणजे तुम्हाला पहिलं वर्ष चाचपडायला लागू नये.

सगळ्यात आधी, प्रेझेंटेशन नको. आम्ही पहिल्या दोन भेटी तशाच केल्या, हॉल, प्रोजेक्टर, प्रत्येकाने आपली प्रोसेस सांगायची, आणि प्रत्येकाच्या स्लाइडवर तेच बाण आणि तेच गोल, सगळ्यांकडे स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, होतो, सगळ्यांकडे रिव्ह्यू होतो, सगळ्यांकडे टेस्टिंग होतं. घरी जाताना हातात काही नाही. फोंड्याकडच्या माणसाला हे समजवावं लागत नाही, जत्रेतलं नाटक बघून नाटक कसं बसवलं ते कळत नाही, ते कळतं तालमीला जाऊन बसल्यावर, कोण पाठांतर न करता येतो, दिग्दर्शक कुठे थांबवतो, एकच प्रवेश चारदा का घेतात ते. स्लाइड म्हणजे जत्रेच्या रात्रीचा खेळ. आपल्याला तालीम बघायची आहे.

कोणाबरोबर करायचं? जे तुमच्याच क्लायंटच्या मागे आहेत त्यांच्याबरोबर नको, कारण मग दोघंही राखून बोलतात. झेरॉक्स कंपनीचं उदाहरण मला नेहमी आठवतं, १९७९ च्या सुमारास जपानी कंपन्यांची कॉपियर मशीनं स्वस्तात यायला लागली तेव्हा त्यांनी आपलं काम इतरांच्या कामाशी ताडून बघायला सुरुवात केली, आणि गोदामातून माल काढून पाठवायचं काम शिकायला ते गेले एल. एल. बीन या कंपनीकडे, जी कपडे आणि बूट पोस्टाने विकायची. कॉपियरशी काही संबंध नाही, पण गोदामातलं ते काम सारखंच. आमच्या चौघांत एक हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर करते, एक परदेशी क्लायंटसाठी मोबाइल अ‍ॅप, एक कारखान्यांचं स्टॉक आणि बिलिंगचं, आणि आम्ही शाळा-कॉलेजांच्या अ‍ॅडमिशन आणि फीचं. कोणी कोणाचं गिऱ्हाईक पळवू शकत नाही. चार-पाचच्या वर कंपन्या घेऊ नका, सहावी आली की परत हॉल आणि प्रोजेक्टर येतो.

मग नियम. एका पानावर, सगळ्यांच्या सह्या घेऊन, कारण तोंडी ठरलेलं सहा महिन्यांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं. क्लायंटशी एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, झालेला असतो, तो आधी नीट वाचा, काही एनडीएमध्ये बाहेरच्या माणसाने स्क्रीन बघणंसुद्धा चालत नाही, तसं असेल तर तो प्रोजेक्ट त्या दिवशी बंद ठेवा आणि दुसरा दाखवा. खऱ्या माणसांची नावं, फोन नंबर, मार्क, आजार, काही पाहुण्याच्या डोळ्यांसमोर येता कामा नये, २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी कोणाच्या मुलीची फी थकलीय ते मडगावच्या माणसाला कळायचं काय कारण. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, बनावट डेटा टाकून ठेवा. आम्हाला हे करायला दोन दिवस लागले आणि तेव्हाच लक्षात आलं की आमच्या स्टेजिंगवर वर्षभर प्रॉडक्शनची, म्हणजे क्लायंट वापरतात त्या खऱ्या सिस्टिमची, कॉपी पडून होती. पाहुणे येणार म्हणून घर झाडताना सापडतात तशा गोष्टी सापडतात, त्यासाठीसुद्धा हे करावं.

दर आणि पगार हा विषय काढायचाच नाही. क्लायंटला तासाला किती लावता, फ्रेशरला किती देता, हे चार मालक एकत्र बसून बोलायला लागले की त्याला वेगळं नाव पडतं, २००२ च्या स्पर्धा कायद्यात कलम ३ आहे, संगनमताने दर ठरवायला त्यात बंदी आहे. आणि 'तुमची माणसं आम्ही घेणार नाही, आमची तुम्ही घेऊ नका' हा करारही करू नका, ऐकायला सभ्य वाटतो पण तो पोरांच्या पोटावर पाय आहे. अमेरिकेत अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी अशा कंपन्यांवर नेमक्या अशा समजुतीसाठी २०१० साली न्याय खात्याने कारवाई केली, आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात या चौघांनी मिळून ४१.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. आमच्या पानावर एवढंच आहे की भेटीच्या वेळी कोणी कोणाला नोकरीबद्दल विचारायचं नाही, बाकी कोण कुठे अर्ज करतो तो त्याचा प्रश्न.

गुप्ततेचं आम्ही आधी चुकीचं ठरवलं होतं. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा नियम आहे ना, ऐकलेलं बाहेर वापरा पण कोण बोललं, कुठल्या संस्थेचा होता ते सांगू नका, तो आम्ही उचलला. गोव्यात तो पुरत नाही. 'एका कंपनीचा हॉटेल बुकिंगचा सर्व्हर ऐन डिसेंबरात दोन तास बंद होता' एवढं कोणी म्हापशाच्या बाजारात बोललं तरी संध्याकाळपर्यंत कोणाचा ते सगळ्यांना कळतं, नाव घ्यायची गरजच नाही. आमच्या तिसऱ्या भेटीनंतर असंच झालं, नाव कोणी घेतलं नव्हतं, तरी ज्याचा तो किस्सा होता त्याला क्लायंटचा फोन आला, आणि तो पुढचे चार महिने आला नाही. चूक आमच्यातल्याच एकाची होती, आम्ही जाऊन माफी मागितली. तेव्हापासून नियम असा की पद्धत बाहेर जाते, किस्सा बाहेर जात नाही. 'रिलीजच्या आधी रोलबॅक (जुन्या व्हर्जनवर परत येणं) करून बघतात' हे बाहेर सांगा, का करायला लागले ते त्या खोलीतच राहू द्या. तुमच्याकडे लिहून घ्यायची एकच ओळ असेल तर ही घ्या.

आता प्रत्यक्ष भेट. पाहुण्या कंपनीतून दोघं, जास्तीत जास्त तिघं, आणि त्यातला एक तरी रोज ते काम हाताने करणारा हवा. टेस्टिंग बघायला जायचं तर टेस्टर जाऊ दे. मालकांनी निदान पहिला तास बाहेर बसावं, ते खोलीत असले की ज्युनिअर मान हलवतो आणि सिनियर छान छान बोलतो.

एका भेटीला एकच विषय, आणि तोही छोटा करून. 'कोड रिव्ह्यू' हा विषय नाही, तो समुद्र आहे. 'पुल रिक्वेस्ट उघडल्यापासून मर्ज होईपर्यंत काय काय होतं' हा विषय, म्हणजे एखाद्याने आपला बदल तपासायला दिल्यापासून तो मुख्य कोडमध्ये मिसळेपर्यंत. तसंच 'क्लायंटचा बग मेलवर आला की त्याचं टिकेट (कामाची नोंद) व्हायला किती हात लागतात', 'नवीन मुलगा रुजू झाल्यापासून त्याचा पहिला कोड प्रॉडक्शनला जाईपर्यंत', 'एस्टिमेट चुकलं हे क्लायंटला कोण आणि कधी सांगतो'. हा शेवटचा आम्ही दोनदा घेतला, तरी पुरला नाही.

आणि प्रश्न विचारायची एक रीत आहे, तिच्यावर सगळं अवलंबून आहे. 'तुम्ही साधारण कसं करता' असं विचारलं की माणूस कसं करायला हवं ते सांगतो, खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसंच वाटत असतं. 'शेवटच्या वेळी काय झालं, उघडून दाखवा' असं विचारा.

मडगावच्या ऑफिसात आम्ही रिव्ह्यूसाठी गेलो होतो, तिथल्या लीडने सांगितलं आमच्याकडे रिव्ह्यू त्याच दिवशी होतो. मग आम्ही म्हटलं शेवटच्या दहा मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्ट एकेक करून उघडूया. सात खरोखर त्याच दिवशीच्या. दोन दुसऱ्या दिवशीच्या. दहावी नऊ दिवस पडून होती, चौदाशेच्या आसपास ओळी, खाली त्या मुलीनेच तीन वेळा लिहिलं होतं 'प्लीज रिव्ह्यू', दोन-दोन दिवसांच्या अंतराने, आणि नवव्या दिवशी संध्याकाळी सात दहाला लीडने अ‍ॅप्रूव्ह केली होती, एकही कमेंट नाही. म्हणजे वाचलीच नव्हती. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग त्याने स्वतःच तिला बोलावलं आणि विचारलं, बाय, एवढी मोठी का झाली गो ती? ती म्हणाली, सर, तोडायची कशी ते कळलं नाही, आणि विचारायला बरं वाटेना, सगळे कामात होते.

त्या दोन वाक्यांनी आम्हाला सहा महिन्यांच्या वाचनापेक्षा जास्त दिलं. प्रश्न रिव्ह्यू करणाऱ्यांचा नव्हता, काम सुरू व्हायच्या आधीचा होता. आता त्यांच्याकडे कोणतंही दोन दिवसांपेक्षा मोठं काम हातात घेतलं की दहा मिनिटं सिनियरबरोबर बसून त्याच्या फोडी करतात, शब्दही तोच रुळलाय, 'फोडी करून घेतल्यास?' असं विचारतात, आणि विचारायचं काम सिनियरचं, ज्युनिअरने धीर गोळा करून यायचं नाही. आम्हीही ते घेतलं. आमच्याकडे त्याच पद्धतीला पहिले तीन आठवडे कंटाळा केला लोकांनी, मग एकदा फीच्या मॉड्यूलचं काम पाच फोडींत गेलं आणि तिसऱ्या फोडीत चूक सापडली जी एरवी शेवटी सापडली असती, त्यानंतर कोणाला सांगावं लागलं नाही.

यजमानांनी काय करावं तर काही नाही, नेहमीचं काम चालू ठेवावं. त्या दिवशी हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, आला तर पाहुण्यांना बाजूला बसवून करावा, तेच तर बघायचं आहे. चहा आणि भाजी-पाव पुरे, हॉटेलात जेवायला नेऊ नका, वेळ जातो आणि पुढच्या यजमानावर बोजा येतो.

आकडे ताडून बघायचा मोह होणारच, तेव्हा त्याबद्दल. डोरा नावाच्या संशोधन गटामुळे चार मोजमापं सगळीकडे पोचलीत, किती वेळा डिप्लॉय करता (बदल प्रॉडक्शनला चढवता), कमिट केल्यापासून (बदल कोडमध्ये नोंदवल्यापासून) प्रॉडक्शनला जायला किती वेळ लागतो, किती डिप्लॉयमुळे काहीतरी बिघडतं, आणि बिघडलं तर परत सुरू व्हायला किती वेळ. मोजमापं चांगली आहेत. पण आम्ही चौघांनी 'किती वेळ लागतो' हा एकच आकडा आणला तर एकाने टिकेट उघडल्यापासून मोजला होता, एकाने पहिल्या कमिटपासून, दोघांनी मर्ज झाल्यापासून, आणि मोबाइलवाल्याच्या आकड्यात अ‍ॅप स्टोअरच्या मंजुरीचा वेळही होता. शेजारी शेजारी लिहिले तर कोणीतरी ढ आणि कोणीतरी हुशार दिसत होतं, आणि त्याला काडीचाही अर्थ नव्हता. म्हणून आधी अर्धा तास फक्त कुठून कुठपर्यंत मोजायचं ते ठरवा, आणि त्यानंतरही कंपन्यांची क्रमवारी लावू नका, प्रत्येकाने आपलाच तीन महिन्यांपूर्वीचा आकडा शेजारी ठेवायचा. क्रमवारी लागली की लोक आकडा सुधारतात, काम नाही. डिप्लॉयची संख्या वाढवायची तर एकाच बदलाचे तीन डिप्लॉय करता येतात, ते कोणालाही सुचतं.

बिघाडांबद्दल बोलणं हा सगळ्यात मोलाचा भाग, आणि सगळ्यात शेवटी येणारा, पहिल्या चार-पाच भेटींत तो काढूच नका, विश्वास बसायला वेळ लागतो. उघडपणाने काय मिळतं याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं उदाहरण गिटलॅबचं, ती कंपन्यांचा कोड ठेवायची सेवा देते. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची फोल्डर उडवली, ३०० जीबीच्या आसपास डेटा होता, आणि बॅकअप बघायला गेले तर एकामागोमाग एक सगळे निकामी, रोजचा बॅकअप घेणारं टूल जुन्या व्हर्जनचं म्हणून तो होतच नव्हता, आणि फेल झाल्याचे मेल पाठवले जायचे ते स्वीकारलेच जात नव्हते. हाताशी राहिली एक सहा तास जुनी कॉपी. त्यांनी हे सगळं, दुरुस्ती चालू असतानासुद्धा, जगासमोर ठेवलं, आणि नंतर कारणांसकट सविस्तर लिहिलं, कोणा एका माणसाला दोष न देता.

आम्ही चौघांनी ते एकत्र बसून वाचलं आणि त्याच खोलीत प्रत्येकाने आपल्या बॅकअपचा फेल झाल्याचा मेल कुठे जातो ते उघडून बघितलं. आमचा जात होता दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मेलबॉक्सला. अ‍ॅडमिशनच्या तोंडावर होतो आम्ही, मे महिना. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बॅकअप नुसता बघितला नाही तर वेगळ्या मशीनवर पूर्ण रिस्टोर करून बघितला, सव्वाचार तास लागले, आणि आता दर तिमाहीला करतो, आणि रिस्टोरला लागलेला वेळ पुढच्या भेटीत सांगतो. बिघाडांसाठी हीच पद्धत वापरा, आधी बाहेरचं जाहीर झालेलं प्रकरण एकत्र वाचा, मग आपल्याकडे तीच जागा उघडून बघा. स्वतःच्या जखमा त्यानंतर आपोआप बाहेर येतात.

याला जोडून एक विचारून घ्या. सायबर घटना लक्षात आली की ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. आपल्याकडे तो रिपोर्ट कोण पाठवणार, त्याचं नाव सांगा, असं आम्ही चौघांना विचारलं तेव्हा तिघांकडे नाव नव्हतं. आपल्या गटात सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही.

घरी आणताना पद्धत एकटी आणू नका, तिची परिस्थिती बरोबर आणा. हॉटेलवाली कंपनी डिसेंबरच्या मध्यापासून नवीन वर्ष उलटेपर्यंत प्रॉडक्शनला हात लावत नाही, त्यांचा सीझन तो, आमचं बरोबर उलटं, आमचा गोठवायचा काळ मे-जून. ते नुसतं उचललं असतं तर आम्ही आमचे सगळ्यात निवांत दिवस वाया घालवले असते. एका मोठ्या टीमकडून आम्ही 'प्रत्येक पुल रिक्वेस्टला दोन रिव्ह्यूअर' हे आणलं, त्यांच्याकडे तीसच्या वर डेव्हलपर, आमच्याकडे सहा, दोन आठवड्यांत सगळं तुंबलं, कारण दोन सिनियरच दर वेळी दोन रिव्ह्यूअर. मग ठरवलं की पैशाशी संबंधित कोडलाच दोन, बाकीला एक, आणि ते टिकलं. प्रत्येक पद्धतीच्या खाली हे लिहून घ्या, टीम किती जणांची, रिलीज कोण थांबवू शकतो, क्लायंट किती वेळा बघतो, आणि हे सुरू करायच्या आधी काय दुखत होतं. ते शेवटचं तर नक्कीच. ज्याला ते दुखणंच नाही त्याने ते औषध घेऊ नये.

एका वेळी एकच पद्धत, सहा आठवडे, आणि सहाव्या आठवड्याची तारीख आजच कॅलेंडरवर, ठेवायची की टाकायची ते ठरवायला. टाकली तर तेही पुढच्या भेटीत सांगायचं, टाकलेल्यांची यादी आमच्याकडे ठेवलेल्यांपेक्षा मोठी आहे आणि नवीन येणाऱ्या कंपनीला ती आधी वाचायला देतो.

वेळ गुरुवारी दुपारी चार ते साडेसहा बरी पडते, म्हापशाहून मडगावला जायचं तरी रात्री जेवायला घरी. चवथीचा आठवडा, नाताळ, मार्च अखेर सोडा. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा काय उघडून दाखवायचं त्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.

उठायच्या आधी पाहुण्यांनी यजमानांना तीन गोष्टी सांगायच्या, काय घेऊन जातो, काय कळलं नाही, आणि कशाची काळजी वाटली. यजमानाने त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. उत्तर द्यायला लागला की तो बचाव करतो, आणि पाहुणा पुढच्या वेळी तिसरी गोष्ट सांगत नाही.

पहिला मेसेज कसा टाकायचा असं बरेच जण विचारतात, मी टाकला होता तो साधारण असा होता, हवा तर तसाच वापरा: 'नमस्कार, आम्ही पर्वरीला आहोत, बारा जण, अ‍ॅडमिशनचं सॉफ्टवेअर करतो. आमच्याकडे रिलीजच्या दिवशी फार धावपळ होते आणि ती कशी कमी करायची ते आम्हाला कळत नाही. तुमच्याकडे पुढचा रिलीज कधी आहे? आमचे दोघं येऊन दोन तास मागे बसून बघतील, काही विचारायचं ते शेवटी विचारतील. त्याच्या पुढच्या महिन्यात तुमचे दोघं आमच्याकडे या, आमची धावपळ बघायला.'